दोन नद्यांमधली पट्टी: अमेरिका-मेक्सिको युद्धाची पार्श्वभूमी

टेक्सासच्या दक्षिणेला न्वेसेस नावाची नदी आहे. तिच्याही खाली, दीडएकशे मैलांवर, रिओ ग्रांद. मधला मुलूख कोरडा, झुडपांचा, रानटी घोड्यांचा. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिकोत युद्ध पेटलं ते या पट्टीवरून. पण हे झालं निमित्त. भांडणाचं मूळ वीस-पंचवीस वर्षं जुनं होतं, आणि ते मेक्सिकोने आपणहून घरात घेतलं होतं.

१८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोकडे उत्तरेला जमीन अफाट, पण माणसं नव्हती. होती त्या वस्तीला कोमांची या मूळनिवासी टोळ्यांच्या धाडींनी जेरीस आणलेलं. म्हणून अमेरिकन शेतकरी बोलावून वसवायचं ठरलं. स्टीफन ऑस्टिनने पहिली तीनेकशे कुटुंबं आणली. अमेरिकेत सरकारी जमिनीला एकरी सव्वा डॉलर रोख मोजावे लागत. इथे गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४०० एकरांच्या आसपास जमीन नाममात्र खर्चात मिळे. अट एवढीच, की मेक्सिकोचं नागरिकत्व घ्यायचं आणि कॅथलिक व्हायचं.

पुढे झालं ते ‘भटाला दिली ओसरी’सारखंच. दीड दशकात पाहुणे यजमानांच्या कितीतरी पट झाले. बहुतेक जण कापूस पिकवायला आले होते आणि त्यांतल्या अनेकांनी सोबत गुलाम आणले होते. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केल्यावर टेक्सासने सवलत मिळवली; १८३० मध्ये अमेरिकेतून येणाऱ्यांना मज्जाव झाला, तरी लोक येतच राहिले. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याने प्रांतांचे अधिकार काढून घेतल्याने असंतोष होता, हे खरंच. पण टेक्सासचं बंड निव्वळ स्वातंत्र्यलढा म्हणून सांगणारे गुलामांचा विषय सोयीस्करपणे गाळतात.

१८३६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या अलामो या ठाण्यात बंडखोरांची कत्तल झाली, एप्रिलमध्ये सान हासिंतोच्या लढाईत सांता आनाच कैद झाला. कैदेत त्याने आपलं सैन्य रिओ ग्रांदपलीकडे नेण्याच्या करारावर सही केली. मेक्सिकोने तो करार कधीच मानला नाही. मेक्सिकोच्या लेखी या प्रांताची हद्द न्वेसेसलाच संपत होती. टेक्सास मात्र रिओ ग्रांदपर्यंत हक्क सांगू लागला.

नऊ वर्षं टेक्सास वेगळा देश राहिला. १८४५ च्या अखेरीस अमेरिकेने त्याला राज्य म्हणून सामावून घेतलं, आणि हद्दीचा तंटाही सोबत आला. खंडाच्या पार टोकापर्यंत पसरणं हे आपलं विधिलिखितच आहे, ही भाषा त्याच वर्षी तिथल्या वृत्तपत्रांत रूढ झाली. राष्ट्राध्यक्ष पोक यांचा डोळा खरा कॅलिफोर्नियावर आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर होता. न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियासाठी अडीच कोटी डॉलरपर्यंत मोजायची तयारी ठेवून त्यांनी जॉन स्लाइडेल यांना मेक्सिको सिटीला धाडलं. मेक्सिकोने त्यांची भेटही घेतली नाही.

मग अमेरिकन जनरल टेलरची फौज थेट रिओ ग्रांदवर, मातामोरोस शहरासमोर जाऊन बसली. २५ एप्रिल १८४६ ला मेक्सिकन घोडदळाने तिची एक तुकडी गाठली. काही सैनिक मेले, बाकीचे पकडले गेले. गंमत अशी, की ९ मे रोजी पोक यांच्या मंत्रिमंडळाने युद्धाच्या बाजूने कौल दिला तेव्हा ही बातमी वॉशिंग्टनला पोहोचलीच नव्हती. ती आली त्याच संध्याकाळी. अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं, असं पोक यांनी संसदेला कळवलं, आणि १३ मे रोजी युद्ध जाहीर झालं. ती ‘भूमी’ नेमकी कुठली ते दाखवा, असं पुढच्या वर्षी एका नवख्या खासदाराने विचारलं. अब्राहम लिंकन त्याचं नाव.

सप्टेंबर १८४७ मध्ये मेक्सिको सिटी पडली. २ फेब्रुवारी १८४८ च्या तहात रिओ ग्रांद ही टेक्सासची सीमा ठरली, आणि टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख गेला. मोबदला दीड कोटी डॉलर, म्हणजे स्लाइडेल यांच्या खिशातल्या रकमेपेक्षाही कमी. त्याच्या नऊच दिवस आधी कॅलिफोर्नियात एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोनं सापडलं होतं. सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाच त्याची खबर नव्हती.