एक्टोकार्पस की पिलायेला? लेबल लिहायच्या आधी एवढं बघाच

गोव्यात बीएस्सीला बॉटनी घेतलेल्या कुणालाही ब्राऊन अल्गी (तपकिरी शेवाळं) म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते एक्टोकार्पस, आणि मग तपकिरी, बारीक, केसाळ काही हाताला लागलं की बिनधास्त तेच नाव लिहून मोकळं व्हायची सवय लागते. इथून पुढच्या शिक्षणाला कुणी स्कॉटलंड-नॉर्वेकडे गेलं की हीच सवय नडते, कारण तिकडच्या थंड पाण्यात खडपावर, मोठ्या तपकिरी शेवाळांच्या म्हणजे फ्युकस आणि अ‍ॅस्कोफिलमच्या अंगावर तसंच दिसणारं दुसरं शेवाळ भरपूर असतं, पिलायेला लिटोरालिस.

नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात यात कुणाचाही दोष नाही. दोन्हींचे धागे एका पेशीच्या रांगेचे, दोन्हींना फांद्या, दोन्हींचे मऊसर झुबके. लिनियसने 1753 मध्ये नाव दिलेलं हे लिटोरालिस वनस्पतिशास्त्रज्ञ लिंगबीने 1819 मध्ये एक्टोकार्पसमध्येच टाकलं होतं, पिलायेला ही प्रजाती (जीनस) बोरीने नंतर वेगळी केली आणि शेलमानने 1872 मध्ये लिटोरालिसला तिथे नेऊन बसवलं. त्यामुळे जुन्या हर्बेरियम शीटवर (वाळवून कागदावर जपलेल्या नमुन्यावर) एक्टोकार्पस लिटोरालिस दिसलं तर दचकू नका, ते पिलायेलाच.

आता खरा फरक. रंग, लांबी, किनाऱ्यावरची जागा यावर माझा अजिबात भरवसा नाही. पिलायेला जरा राठ आणि पीळ पडून गुंतलेलं असतं हे खरं, पण त्यावरून फक्त शंका घ्यायची, नाव द्यायचं नाही. नाव ठरतं बीजाणुधानी (बीजाणू तयार होतात ती पिशवी) कुठे बसलीय त्यावरून. एक्टोकार्पसमध्ये ती बाजूला येते, मुख्य धाग्यातून फुटलेल्या आखूड देठावर नाहीतर थेट धाग्याला चिकटून, आणि प्ल्युरीलोक्युलर (अनेक कप्प्यांची) असेल तर लांबट, टोकाकडे निमुळती, आत बारीक बारीक कप्पे. पिलायेलात ती धाग्याच्या मधेच तयार होते, म्हणजे खाली साध्या पेशी, मग फुगीर युनिलोक्युलर (एकाच कप्प्याच्या) बीजाणुधान्यांची माळेतल्या मण्यांसारखी ओळ, आणि तिच्या पुढे परत साध्या पेशींचा शेंडा. ही ओळ एकदा 100 पटीखाली स्वच्छ दिसली की विषय संपला.

पण इथेच एक गोची आहे, आणि पुष्कळ जण तिथेच फसतात. एक्टोकार्पस सिलिक्युलोससच्या प्ल्युरीलोक्युलर बीजाणुधानीच्या टोकाला कधीकधी केसासारखा धागा पुढे वाढलेला असतो, मग ती मधेच असल्यासारखी वाटते, आणि उलट पिलायेलाचा शेंडा तुटला की ओळ टोकाला आल्यासारखी दिसते. अशा वेळी 400 पटीवर जाऊन क्लोरोप्लास्ट (पेशीतली रंगद्रव्याची अंगं) बघा. एक्टोकार्पसच्या पेशीत ते मोजकेच, पट्ट्यासारखे, वेडेवाकडे वळलेले. पिलायेलात गोल चकत्या, पेशीभर पसरलेल्या. शिवाय पिलायेलात फांद्या बऱ्याचदा समोरासमोर फुटतात, एक्टोकार्पसमध्ये आलटून पालटून किंवा कशाही, पण हा मुद्दा मी तिसऱ्या नंबरला ठेवते.

क्लोरोप्लास्टचं बघायचं तर नमुना जिवंतच पाहिजे, त्याच दिवशी, कारण मेलेल्या पेशीत पट्टे आणि चकत्या सगळं एकत्र होऊन जातं. म्हणून गोळा करतानाच थोडी काळजी घ्या. झुबका ओरबाडू नका, ज्या शेवाळावर वाढलाय त्याचा तुकडा सोबत कापून घ्या, समुद्राच्याच पाण्यात थंड ठेवा, नळाचं पाणी लावू नका. आधी मायक्रोस्कोप, मग बाकीचं: थोडा भाग समुद्राच्या पाण्यात केलेल्या 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, थोडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये, आणि उरलेला ट्रेमधल्या पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवत उचलायचा, वर मलमलचं कापड, वरखाली टिपकागद, आणि टिपकागद रोज बदलायचे. क्लोरोप्लास्ट कसे दिसले ते लेबलवर तेव्हाच लिहून टाका, वाळलेल्या शीटवर ते नंतर कुणालाही कळणार नाही.

एवढा आटापिटा कशाला असं वाटत असेल तर बघा, ब्राऊन अल्गीतला पहिला पूर्ण जीनोम (डीएनएचा सगळा आराखडा) 2010 मध्ये आला तो एक्टोकार्पसचाच, त्यावर आज केवढं काम चालतं, आणि पिलायेला म्हणजे बाल्टिक समुद्रात फ्युकसवर दाट वाढणारं, मॅसॅच्युसेट्सच्या नहांत उपसागरात किनाऱ्यावर ढीग येऊन कुजणारं शेवाळ. एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर गेली तर पुढचा सगळा अभ्यास वाकडा जातो.

आणि हे सगळं वाचून लगेच हणजुण्याला जाऊन पिलायेला शोधू नका. ते थंड पाण्यातलं. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर हणजुणे, वागातोरच्या खडपांवर सर्गॅसम हे मोठं तपकिरी शेवाळ वाढतं, त्याच्या अंगावर केसाळ झुबके दिसले तर तिथे हिंक्सिया आणि फेल्डमानिया या तशाच दिसणाऱ्या शेवाळांचाही विचार करायला हवा. हिंक्सियाचे क्लोरोप्लास्टही चकत्यांसारखेच असतात, पण बीजाणुधान्या बाजूला, बिनदेठाच्या, बऱ्याचदा फांदीच्या एकाच अंगाला ओळीने बसलेल्या. म्हणजे नुसत्या चकत्या बघून निकाल द्यायचा नाही, दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बीजाणुधानी सापडलीच नाही तर लेबलवर सरळ एक्टोकार्पेलीस (या सगळ्यांचा मोठा गट), वंध्य (बीजाणुधानी नसलेलं), एवढंच लिहा, आणि पुढच्या अमावास्येच्या सुकतीला त्याच खडपावरून परत नमुना घ्या.