समकालीन ख्मेर कला आणि तिचे प्रेक्षक

समकालीन ख्मेर कला : पोल पॉटची ख्मेर रूज ही कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर (१९७९) कंबोडियात, आणि निर्वासित म्हणून परदेशी वाढलेल्या ख्मेर (कंबोडियातील बहुसंख्य समाज) कलावंतांच्या हातून, घडत आलेली चित्रे, शिल्पे, छायाचित्रे, व्हिडिओ व सादरीकरणे. ख्मेर भाषेत कलेला ‘सेलापाक’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शिल्प’वरून आलेला आहे, मात्र मराठीत शिल्प म्हटले की मूर्ती डोळ्यांसमोर येते, तर तिकडे त्यात नृत्य, संगीत, चित्र सगळेच सामावते. जगाला कंबोडिया ठाऊक आहे तो अंगकोरच्या मंदिरांमुळे. जिवंत कलावंतांना आपले काम दाखवायला जागा मात्र स्वतःच उभी करावी लागली, आणि ती कशी उभी राहिली हे कळल्याशिवाय या कलेची ओळख पुरी होत नाही.

पार्श्वभूमी : फ्रेंच अमलात जॉर्ज ग्रोलिए याने राजधानी नॉम पेन्ह येथे कलाशाळा काढली. तिथे जुन्या मंदिरांतील नक्षी आणि कारागिरी घोटून घेतली जाई. समोर दिसते ते, आजच्या जगण्यातले चित्र काढणे पुढच्या काळात रुजले. १९६५ मध्ये शाही (रॉयल) ललित कला विद्यापीठ स्थापन झाले. ख्मेर रूजच्या अमलात, एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात, सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि कत्तलीत मेली. त्यांत लोकप्रिय चित्रकार न्हेक दिम होता, आणि नर्तक, वादक, शिक्षकही होते. १९८० मध्ये कलाशाळा पुन्हा उघडली तेव्हा शिकवायला उरले होते ते जे वाचले तेच.

वाचलेल्यांत वान नाथ (१९४६–२०११) होता. ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगात बारा हजारांहून अधिक माणसे डांबली गेली. त्यांतून जिवंत सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. छायाचित्रावरून पोल पॉटचे हुबेहूब चित्र काढता येते, एवढ्यावर त्याचा जीव वाचला. पुढे त्याच इमारतीचे संग्रहालय झाले आणि तिथे टांगण्यासाठी त्याने तुरुंगातील छळाची चित्रे रंगवली. त्यांचा पहिला प्रेक्षक होता कंबोडियातला माणूस, आपल्या बेपत्ता माणसाचा फोटो भिंतीवर शोधत आलेला. २००९ मध्ये तुरुंगप्रमुखाच्या खटल्यात वान नाथने साक्षही दिली. त्याच्या चित्रांकडे केवळ ‘पुरावा’ म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. हे अन्यायाचे आहे, कारण तो आधी चित्रकार होता आणि शेवटपर्यंत चित्रकारच राहिला.

स्वाय केन (१९३३–२००८) याचा मार्ग निराळा. नॉम पेन्हच्या हॉटेल ल रोयालमध्ये नोकरी करणाऱ्या या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर, कोणाकडे न शिकता, ब्रश हाती घेतला. त्याची चित्रे घरातल्या साध्यासुध्या वस्तूंची आणि आपल्या कुटुंबाने सोसलेल्या दिवसांची आहेत. पत्नीच्या निधनानंतर त्याने दोघांचा सगळा संसार चित्रमालिकेत मांडला. ती मालिका नॉम पेन्हमध्ये प्रकाशात आणली ‘रेयुम’ने. ली दारावुथ आणि इंग्रिड मुआन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ही संस्था प्रदर्शने भरवी, संशोधन करी, पुस्तके काढी.

व्हाइट बिल्डिंग : २००७ मध्ये काही तरुण छायाचित्रकार ‘स्तिव सेलापाक’ (कलेतले बंडखोर) या नावाने एकत्र आले. खवाय सामनांग, लिम सोक्चानलिना आणि वुत लिनो हे त्यांतले. या गटाने २०१० मध्ये ‘सा सा आर्ट प्रोजेक्ट्स’ सुरू केले ते व्हाइट बिल्डिंगमध्ये. १९६३ साली बांधलेल्या या लांबलचक चाळवजा इमारतीत ख्मेर रूजनंतर नर्तक, वादक आणि कलाखात्यातले लोक राहायला आले होते. शेजारीच प्रेक्षक, शेजारीच विद्यार्थी. ‘पिसाओत’ म्हणजे प्रयोग, या नावाने बाहेरच्या कलावंतांना इथे काही काळ राहून काम करता येई. २०१७ मध्ये इमारत पाडण्यात आली आणि जवळपास ५०० कुटुंबे पांगली. संस्था दुसऱ्या जागी गेली. तिथेही तरुणांचे वर्ग चालू राहिले. २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात ती सहभागी झाली.

खवाय सामनांग (जन्म १९८२) शहरातील तळी बुजवली जात असताना त्याच तळ्यांत उतरला आणि त्याने डोक्यावर बादलीभर वाळू ओतून घेतली. बोएंग काक तळ्याच्या भरावाने हजारो रहिवासी बेघर झाले होते. एकही शब्द नसलेला हा व्हिडिओ नॉम पेन्हच्या माणसाला लगेच कळतो. परदेशी प्रेक्षकाला भिंतीवरची माहिती वाचावी लागते. २०१७ च्या डॉक्युमेंटात, अथेन्स आणि कासेल या दोन्ही शहरांत, त्याने कंबोडियाच्या आरेंग खोऱ्यातील चोंग आदिवासींच्या जंगलावरचे काम मांडले : वेलींचे विणलेले प्राण्यांचे मुखवटे आणि ते घालून नाचणारा न्गेत रादी. त्या खोऱ्यात धरण बांधण्याचा बेत होता.

वेताचे शिल्प : बाहेर सर्वाधिक पोहोचलेला कलावंत सोफिआप पिच (ख्मेर पद्धतीने आडनाव आधी : पिच सोफिआप). १९७१ मध्ये बट्टांबांग भागात जन्म, बालपण निर्वासितांच्या छावण्यांत, १९८४ पासून अमेरिका. चित्रकला शिकून तो २००२ मध्ये परतला आणि दोन वर्षांनी त्याने वेताची फुप्फुसे विणली. मासे पकडण्याच्या सापळ्यांना आणि टोपल्यांना लागणारे बांबू-वेत त्याने शिल्पासाठी घेतले. वेताच्या काड्या तारेने बांधून उभी केलेली ही शिल्पे आतून पोकळ असतात, आरपार दिसतात. ‘बुद्ध २’ (२००९) मध्ये बुद्धाचे वरचे शरीर विणलेले आहे, खाली मात्र सुट्या काड्या लोंबतात आणि त्यांची टोके लाल आहेत. ‘मॉर्निंग ग्लोरी’ (२०११) हे पाच मीटरहून लांब फूल. आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात त्या कुळातल्या या वेलीवर ख्मेर रूजच्या उपासमारीत कित्येकांनी दिवस काढले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. त्याच वर्षी त्या शहरात ‘सीझन ऑफ कंबोडिया’ महोत्सवासाठी सव्वाशे ख्मेर कलावंत गेले होते.

परदेशी ओळख वाढली ती मुख्यतः २०१२ च्या डॉक्युमेंटापासून. तिथे पिच, दिवंगत वान नाथ आणि वांडी रत्तना असे तिघे होते. रत्तनाने व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी बॉम्बफेकीने पडलेल्या खड्ड्यांची छायाचित्रे काढली आहेत : पाण्याने भरलेली, गवताने वेढलेली, पाहताक्षणी सुंदर वाटणारी तळी. बाहेरच्या दालनांना ख्मेर कलावंताकडून हत्याकांडाचीच गोष्ट हवी असते, ही खरी अडचण आहे. त्यानंतर जन्मलेल्या पिढीला शहरातले भराव, जंगलतोड, स्थलांतर यांविषयी बोलायचे आहे.

छावणीतून : थायलंड सीमेवरील ‘साइट टू’ निर्वासित छावणीत फ्रेंच शिक्षिका व्हेरोनिक देक्रो यांच्याकडे चित्रे काढायला शिकलेल्या नऊ तरुणांनी मायदेशी परतून १९९४ मध्ये बट्टांबांग येथे ‘फार पोन्लू सेलपाक’ (कलेचा उजेड) ही शाळा काढली. चित्रकलेबरोबर तिथे संगीत आणि सर्कसही शिकवतात. २०१३ पासून या सर्कशीचे खेळ सिएम रीप येथे होतात. संस्थापकांपैकी स्वाय सारेत याने २०११ मध्ये ८० किलोचा धातूचा गोळा कमरेला बांधून सिएम रीपपासून नॉम पेन्हपर्यंत भर हमरस्त्यावरून ओढत नेला. तिकीट नाही, दालन नाही. वाटेतल्या गावांचे लोक कडेला उभे राहून पाहत होते.