डेसिग्नेटेड हिटर नियम आणि बेसबॉल लीगमधील स्पर्धा

डेसिग्नेटेड हिटर, खेळाडूंच्या तोंडी ‘डीएच’, म्हणजे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू. तो क्षेत्ररक्षणाला उतरत नाही आणि पिचरला बॅट धरावी लागत नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील अमेरिकन लीगने हा नियम १९७३ मध्ये स्वीकारला. तिच्याच दुसऱ्या लीगने, म्हणजे नॅशनल लीगने, २०२० चा कोरोनाकाळातला आखूड हंगाम सोडता, तो २०२२ पर्यंत दूर ठेवला. त्यामुळे एकाच विजेतेपदासाठी झुंजणारे संघ जवळपास अर्धशतक दोन वेगळ्या नियमांनी खेळत राहिले.

नियमाचा उगम पिचरांच्या दबदब्यात आहे. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे, क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे आलेल्या धावा वगळता, सरासरी अवघ्या १.१२ धावा दिल्या, तर अमेरिकन लीगमध्ये सर्वोच्च ठरलेली फलंदाजीची सरासरी (प्रत्येक प्रयत्नामागे यशस्वी फटके) होती कार्ल यास्ट्रझेम्स्कीची, ०.३०१. पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. तरीही अमेरिकन लीगला धावा आणि प्रेक्षक दोन्ही हवे होते. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिनली यांनी डीएचचा आग्रह धरला आणि जानेवारी १९७३ मध्ये मालकांनी ८ विरुद्ध ४ मतांनी तो मंजूर केला. ६ एप्रिलला न्यूयॉर्क यँकीज संघाचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला. तिन्ही बेसवर त्याचे साथीदार उभे असताना त्याला ‘वॉक’ (चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस फुकट) मिळाला आणि चेंडूला बॅट न लावताच एक धाव आली. गंमत अशी, की १९२८ मध्ये अशीच सूचना नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हायडलर यांनी मांडली होती आणि तेव्हा अमेरिकन लीगला ती नको होती.

दोन्ही लीगचे विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये भिडत, तेव्हा कोणाचा नियम लावायचा? पहिली तीन वर्षे डीएच नव्हता. १९७६ पासून तो एक वर्षाआड, पण संपूर्ण मालिकेसाठी लागू झाला. १९८६ पासून यजमान मैदानाचा नियम चालला. १९९७ मध्ये साखळी हंगामातही आंतरलीग सामने सुरू झाले, तेव्हा हीच पद्धत उचलली गेली.

वरकरणी ही वाटणी न्याय्य होती, पण दोघांचे नुकसान सारखे नव्हते. अमेरिकन लीगचा संघ परक्या मैदानावर गेला की त्याचा एक मोठा फलंदाज बाकावर बसे किंवा अडचणीच्या जागी क्षेत्ररक्षणाला उभा राही, आणि वर्षभर बॅट न धरलेले पिचर फलंदाजीला येत. २००९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजचा डीएच हिदेकी मात्सुई फिलाडेल्फियातल्या तिन्ही सामन्यांत केवळ बदली फलंदाज म्हणून आला. न्यूयॉर्कला परतल्यावर सहाव्या सामन्यात त्याच्या बॅटवर सहा धावा आल्या आणि मालिकावीराचा मानही त्यालाच मिळाला. नॅशनल लीगच्या संघाची अडचण वेगळी: डीएच म्हणून त्याला राखीव खेळाडूंमधूनच कोणीतरी उभा करावा लागे. शिवाय त्याचे पिचर बॅटिंगचा सराव करत असले, तरी त्या सरावाचा लाभ तुटपुंजा होता. २०२१ मध्ये पिचरांची एकूण सरासरी ०.११० च्या आसपास होती.

अंदाज उलटेही पडत. २००४ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात सेंट लुइसच्या मैदानावर बोस्टनचा नेहमीचा डीएच डेव्हिड ऑर्टिझ पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा होता; बोस्टनची ही कमजोर जागा मानली जात होती. प्रत्यक्षात गोंधळला तो सेंट लुइसचा पिचर जेफ सुपान. तिसऱ्या बेसवरून सहज मिळणारी धाव घ्यायची सोडून तो घुटमळला, आणि ऑर्टिझच्याच फेकीवर बाद झाला.

मात्र या नियमाचा खरा परिणाम एखाद्या सामन्यापेक्षा संघबांधणीवर झाला. डीएचची जागा हाताशी असल्यामुळे अमेरिकन लीगचे संघ वय झालेल्या फटकेबाजांना लांबलचक करार देऊ शकत. पाय थकले तरी बॅट कामाला येई. २०१२ च्या हंगामापूर्वी आल्बर्ट पुहोल्सने एंजल्सशी दहा वर्षांचा आणि प्रिन्स फील्डरने टायगर्सशी नऊ वर्षांचा करार केला. दोघेही नॅशनल लीगमधून आले होते. २००४ ते २०१७ या प्रत्येक हंगामात आंतरलीग सामन्यांत अमेरिकन लीगच सरस ठरली. २००६ मध्ये तर १५४–९८ अशी. याचे सगळे श्रेय डीएचला देणे चूक ठरेल. यँकीज आणि बोस्टनचा पैसा व त्यांना गाठण्यासाठी इतरांनी केलेली धडपड हेही कारण होते. शिवाय २०१८ मध्ये नियम तोच असताना पारडे नॅशनल लीगकडे झुकले.

वाद पेटला तो दुखापतींवरून. जून २००८ मध्ये, तेव्हा नॅशनल लीगमध्ये असलेल्या ह्यूस्टनच्या मैदानावर बेसवरून धावताना यँकीजचा प्रमुख पिचर चिएन-मिंग वांगच्या पायाला इजा झाली आणि त्याचा हंगाम संपला. २०१३ मध्ये ह्यूस्टन अमेरिकन लीगमध्ये गेल्याने दोन्हीकडे १५–१५ संघ झाले. विषम संख्येमुळे आंतरलीग सामने हंगामभर खेळवावे लागले आणि ऐन चुरशीच्या सप्टेंबरातही डीएच गमावण्याची वेळ येऊ लागली. वेगळेपणाचा बचाव करणे तिथून अवघड झाले. २०२२ पासून डीएच दोन्ही लीगमध्ये आहे.

जपानमधील दोन लीगपैकी पॅसिफिक लीगने १९७५ मध्येच डीएच घेतला, सेंट्रल लीगने नाही. २००५ पासूनच्या आंतरलीग सामन्यांत बहुतेक हंगामांत पॅसिफिक लीग पुढे राहिली. २०१९ आणि २०२० च्या जपान सिरीजमध्ये (तिथल्या दोन लीगविजेत्यांच्या मालिकेत) फुकुओकाच्या सॉफ्टबँक हॉक्सने योमिउरी जायंट्सला दोन्ही वेळा ४–० ने हरवल्यावर सेंट्रल लीगवरचा दबाव वाढला. २०२७ पासून डीएच स्वीकारण्याचा निर्णय तिने २०२५ मध्ये जाहीर केला.