एका मिलिसेकंदात दोन फोटॉन

ठाण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर हिवाळ्यात दुर्बीण लावली की रांगेतील पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही किती पट मोठं दाखवते?" प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यामागचा समज चुकीचा आहे. तारे इतके दूर आहेत की कितीही मोठ्या दुर्बिणीतून ते बहुधा ठिपक्यासारखेच दिसतात. मोठा आरसा प्रकाश अधिक गोळा करतो, आणि प्रकाश मुबलक मिळाला की वेळेचे अधिक बारीक तुकडे करता येतात. हा दुसरा लाभ सहसा कोणी सांगत नाही.

वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघाच्या मध्यभागी असलेला पल्सार घेऊ. चिनी निरीक्षकांनी 1054 मध्ये नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा, हा अवशेष, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला जवळजवळ 30 वेळा स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत प्रकाशाचे दोन स्पंद, एक ठळक व एक फिका, आपल्याकडे पाठवतो. (वृषभ राशीच्या वाचकांनी काळजी करू नये, तो 6500 प्रकाशवर्षे दूर आहे आणि पत्रिकेत त्याला घर नाही.) त्याची दृश्यप्रत (आकाशात दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका) साधारण 16.5 आहे. ढोबळ हिशेबाने, वातावरणातील गळती सोडली, तर त्याचे दृश्य प्रकाशातील सुमारे 2000 फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, म्हणजे मिलिसेकंदाला दोन.

जानेवारी 1969 मध्ये ॲरिझोनात कॉक, डिस्नी आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांनी ही लुकलुक प्रथम टिपली, तेव्हा त्यांच्या 36 इंची आरशाचे क्षेत्रफळ चौरस मीटरभरही नव्हते. त्यामुळे असंख्य फेऱ्यांची मोजमापे एकमेकांवर रचून सरासरी काढावी लागली. सरासरीत स्पंदाचा नेहमीचा आकार उमटतो, परंतु एखाद्या फेरीत काय निराळे घडले ते पुसले जाते; महिन्याच्या सरासरीवरून मंगळवारची 8.14 ची लोकल मुंब्र्याला का रखडली हे कळत नाही, तसेच.

चिलीत उभारल्या जात असलेल्या 39 मीटरच्या 'एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप'चे क्षेत्रफळ 978 चौरस मीटर आहे. तेथे मिलिसेकंदाला दोन हजारांच्या आसपास फोटॉन येतील. मला मात्र याहून मोह आहे तो जोड्यांच्या गणिताचा. वळवाच्या सरीत गॅलरीच्या कठड्यावर एक वाटी आणि शेजारी परात ठेवून पाहावी. वाटीत एक थेंब टपकतो, दुसरा बऱ्याच वेळाने; सर मध्येच जोर धरते का, हे तिच्यावरून सांगता येत नाही. परातीत तडतड ऐकू येते, आणि पाठोपाठ पडणाऱ्या थेंबांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त भरल्या, तर सर एकसारखी नाही असे ठरते. अत्यल्प अवधीत दोन फोटॉन एकत्र सापडण्याची शक्यता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि प्रवाह व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून व्यास दुप्पट केल्यास प्रकाश चौपट, परंतु जोड्या सोळापट होतात. नैनितालजवळील देवस्थळच्या 3.6 मीटरच्या दुर्बिणीपेक्षा या नव्या दुर्बिणीला प्रकाश सुमारे शंभरपट मिळेल, तर जोड्या सुमारे दहा हजारपट.

एका मायक्रोसेकंदात प्रकाश 300 मीटर जातो. पल्सारचा प्रकाश तेवढ्या अवधीत खरोखर कमीजास्त होत असल्याचे जोड्यांवरून दिसले, तर तो निर्माण करणारा भाग ढोबळमानाने लोकलच्या एका फलाटापेक्षा लांब असू शकत नाही, कारण कोणताही बदल त्या भागभर प्रकाशापेक्षा वेगाने पसरू शकत नाही.