क्रूझवरचा खर्च रोख की कार्डाने, हा प्रश्न आला कुठून

सिंगापूरच्या क्रूझ टर्मिनलवर चेक-इनच्या काउंटरला बाबांनी कमरेच्या पाउचमधून डॉलरच्या नोटांची गड्डी काढली, रबरबँड लावलेली, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं की कार्ड रजिस्टर करणार की कॅश डिपॉझिट ठेवणार. बाबा गोंधळले. त्यांना वाटलं होतं की बोटीवर चहा घेतला की चहाचे पैसे द्यायचे, फोटो घेतला की फोटोचे द्यायचे, संपलं. डिपॉझिट कशाचं? मागे रांग लागलेली, आई म्हणतेय अहो द्या ना काहीतरी एक, शेवटी माझं क्रेडिट कार्ड दिलं आणि ती गड्डी जशी आली तशीच पुण्याला परत गेली. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, कारण "क्रूझवर कॅश चालते का" याला हो म्हटलं तरी चूक आणि नाही म्हटलं तरी चूक.

बोटीवर कॅश "चालते" म्हणजे फक्त एवढंच, की तुमच्या खात्यात ती आधी भरून ठेवता येते. बार, स्पा, दुकान, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, सगळं खोलीच्या नावावर चढतं आणि शेवटच्या रात्री हिशेब होतो. वाण्याकडे वही असायची ना, महिनाभर लिहायचं आणि पगार झाला की चुकतं करायचं, अगदी तसंच. फरक एवढाच की वाणी आपल्याला ओळखायचा, बोट ओळखत नाही, म्हणून ती आधी कार्ड मागते नाहीतर रोख अनामत मागते. अनामत संपली की खातं थांबतं, परत काउंटरला जाऊन भर घालायची, आणि उरलेले पैसे घ्यायला शेवटच्या रात्री नाहीतर उतरायच्या दिवशी सकाळी सकाळी रांगेत उभं राहायचं.

ही वहीची पद्धत जुनी आहे आणि तिचं एक टोक आपल्याकडे आहे. बॅलार्ड पिअरहून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींवर साहेब लोक बारमध्ये पैसे काढत नसत, कागदाच्या तुकड्यावर सही करत, आणि तो हिशेब नंतर पर्सरकडे, म्हणजे बोटीचा हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, चुकता होई. त्या कागदाला इंग्रजीत चिट म्हणतात आणि तो शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेलाय, अठराव्या शतकातला. म्हणजे उधारीची चिठ्ठी इथल्या क्लबात आणि बोटींवर रुळली. कोकणच्या बोटीला असलं काही नव्हतं, भाऊच्या धक्क्यावर रोख तिकीट आणि आत काही घेतलं तर तेही रोख, पण तो प्रवास होता, सहल नव्हती.

पुढे चिठ्ठीच्या जागी मॅग्नेटिक पट्टीचं कार्ड आलं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. २०१४ मध्ये एका मोठ्या कंपनीने नव्या बोटीवर मनगटी पट्टा दिला, २०१७ मध्ये दुसरीने गळ्यात अडकवायचं मेडल आणलं. माणसाच्या हातून नोट सुटताना जे थोडं दुखतं ते दुखणंच या सगळ्यात काढून टाकलं गेलं, आणि माझ्या मते कंपन्यांना नेमकं तेच हवं होतं. कागदावर कारणं वेगळी असतात: हजारो प्रवाशांची नाणी मोजत बसायला नको, चोरी नको, चार देशांच्या चार चलनांचे सुटे नकोत. ती कारणं खोटी नाहीत, पण संध्याकाळी बारमध्ये बसलेल्या माणसाला आपले किती झाले हे कळत नाही हेही तितकंच खरं.

टिपचं तसंच झालं. पूर्वी शेवटच्या रात्री खोलीत छोटी पाकिटं ठेवलेली असायची, वेटरचं एक, त्याच्या मदतनिसाचं एक, खोली आवरणाऱ्याचं एक, त्यात नोटा घालून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. आता अमेरिकन बोटींवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढतात. चार जण, चार रात्री, १८ डॉलरने धरले तर २८८ डॉलर होतात, आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या बजेटमध्ये बहुतेक वेळा नसतातच. आईने तरीसुद्धा खोली आवरणाऱ्या मुलाला जाताना दहाची नोट दिली, त्याने दोन्ही हातांनी घेतली. रोख रकमेला बोटीवर खरी जागा उरलीय ती तिथे, आणि बंदरावर उतरून टॅक्सीला.

इथपर्यंत बोटीची बाजू. आपल्या माणसासाठी मात्र रोख की कार्ड हे ठरवण्यात बोटीपेक्षा आपल्या परकीय चलनाच्या नियमांचा हात मोठा आहे. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्यांना ८ डॉलर मिळायचे हे घरोघरी ऐकलेलं आहे, ते परत सांगत नाही. क्रेडिट कार्डं आली तरी त्यावर छापलेलं असायचं की फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध. जून २००० मध्ये फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, लागू झाला, त्याच्या चालू खात्याच्या (बँकेतलं नव्हे, प्रवासासारख्या परदेशी खर्चाच्या) नियमांत सातव्या क्रमांकाचा एक छोटा नियम होता, की माणूस परदेश दौऱ्यावर असताना तिथला खर्च भागवायला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड वापरत असेल तर मंजुरीच्या मर्यादा त्या खर्चाला लागू नाहीत. २००४ मध्ये एलआरएस योजना आली, म्हणजे एका माणसाला वर्षाला किती परकीय चलन बाहेर नेता-पाठवता येईल त्याची मर्यादा, सुरुवात माणशी वर्षाला २५,००० डॉलर, २०१५ पासून अडीच लाख डॉलर, आणि तेव्हापासून फिरायला जाण्याचा खर्चही त्यातच मोजायला लागले. नोटा घ्या, आधीच परकीय चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड घ्या, डेबिट कार्ड परदेशात वापरा, सगळं एलआरएसमध्ये, फक्त क्रेडिट कार्ड बाहेर. क्रूझवर एकच कॉफी, एकच काउंटर, पण अनामत रोख ठेवली तर ती विकत घेतलेल्या डॉलरमधून गेली आणि तुमच्या मर्यादेत मोजली गेली, क्रेडिट कार्ड दिलं तर मोजली गेली नाही.

यात अडकलेला शब्द आहे "परदेशात असताना". तुम्ही सिंगापूरहून सुटलेल्या बोटीवर डेकवर बसून ड्रिंक्स पॅकेज घेतलं तर तुम्ही परदेशात आहात, त्यात वाद नाही. पण तेच पॅकेज बोट सुटायच्या पंधरा दिवस आधी पुण्यात सोफ्यावर बसून कंपनीच्या वेबसाइटवर घेतलं, कारण आधी घेतलं की स्वस्त पडतं, तर? कार्ड तेच, कंपनी तीच, पिणारही तुम्हीच आणि तेही समुद्रावरच, तरी नियमाचे शब्द धरले तर सूट लागू होत नाही कारण पैसे देताना तुम्ही दौऱ्यावर नव्हता. वीस-बावीस वर्षं हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण त्याने खिशाला फरक पडत नव्हता, अडीच लाख डॉलरची मर्यादा क्रूझवर कोण ओलांडणार.

फरक पडायला लागला टीसीएसमुळे, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतल्या जाणाऱ्या टॅक्समुळे. १ ऑक्टोबर २०२० पासून एलआरएसने ७ लाखांवर पाठवलेल्या रकमेवर ५ टक्के आणि परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून ५ टक्के कापायला लागले. २०२३ च्या बजेटमध्ये हे दोन्ही २० टक्के करायचं ठरलं (शिक्षण आणि उपचार सोडून), १ जुलैपासून, आणि तेही ७ लाखांची सवलत न ठेवता. आणि मग १६ मे २०२३ ला तो सातवा नियमच काढून टाकला. म्हणजे १ जुलैपासून बोटीवर क्रेडिट कार्डाने घेतलेल्या लिंबू सरबतावरसुद्धा २० टक्के.

सरकारी खुलाशात कारण दिलं होतं समानतेचं, की डेबिट कार्ड मोजता मग क्रेडिट का नको, आणि काहींच्या क्रेडिट कार्डांची मर्यादाच अडीच लाख डॉलरच्या वर असल्याचं आकडेवारीत दिसलं होतं. मुद्दा चुकीचा नाही. पण ज्या माणसाचं कार्ड दोन लाख रुपयांचं आहे आणि जो दहा वर्षांतून एकदा आईवडिलांना समुद्र दाखवायला नेतोय त्याला त्याच जाळ्यात कशासाठी ओढायचं, हे त्या खुलाशात कुठेच नव्हतं. टीसीएस हा शेवटी टॅक्समधून वजा होतो किंवा परत मिळतो, हे तेव्हा सगळे सांगत होते आणि ते खरंही आहे, फक्त ज्याच्या पेन्शनवर टॅक्सच बसत नाही त्याने रिटर्न भरायचा आणि परतावा येईपर्यंत थांबायचं. माझ्या बाबांसारख्या माणसाला ते थांबणं म्हणजे पैसे गेल्यासारखंच आहे.

तीन दिवसांत, १९ मे ला, सांगितलं गेलं की कार्डावरचा वर्षाला ७ लाखांपर्यंतचा खर्च एलआरएसमध्ये धरणार नाही. म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ हजार डॉलर. मग प्रश्न आला की एका माणसाची तीन बँकांची तीन कार्डं असतील तर सात लाख मोजणार कोण, आणि बँकांकडे त्याची व्यवस्था नव्हती. २८ जूनला, लागू व्हायला तीन दिवस राहिलेले असताना, अख्खी अधिसूचनाच पुढे ढकलली, ७ लाखांची सवलत परत आणली, आणि नवे दर १ ऑक्टोबरवर नेले. त्या निवेदनातही तेच शब्द होते, की परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेले व्यवहार एलआरएसमध्ये धरले जाणार नाहीत. सोफ्यावर बसून घेतलेल्या ड्रिंक्स पॅकेजचा प्रश्न होता तिथेच राहिला.

टूर पॅकेजवरचा दरही तेव्हा ७ लाखांपर्यंत परत ५ टक्क्यांवर आला, तीन लाखांच्या क्रूझला ६०,००० आधी भरायचे ते १५,००० झाले. पण ते "पॅकेज" कशाला म्हणायचं? ३० जूनच्या परिपत्रकाप्रमाणे प्रवासाचं तिकीट, राहणं-खाणं, आणि तशा प्रकारचा इतर खर्च, यातल्या किमान दोन गोष्टी एकत्र असल्या तर पॅकेज, नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल म्हणजे पॅकेज नाही. आता क्रूझची केबिन बघा, ती स्वतःच प्रवास आहे, स्वतःच खोली आहे आणि तीन वेळचं जेवणही आहे, त्यामुळे इथल्या एजंटकडून नुसती केबिन घेतली तरी ती पॅकेज नाही असं म्हणणं मला तरी अवघड वाटतं. एजंटने टिप आणि ड्रिंक्स त्यातच घालून दिले की त्यावरही टीसीएस बसतो, तेव्हाच्या ५ टक्क्यांनी ३०,००० वर १,५००. तेच बोटीवर चढून क्रेडिट कार्डावर घेतलं की नाही. म्हणून माझं मत क्रेडिट कार्डाकडे झुकतं आणि ते मी लपवत नाही.

कार्डाची किंमतही आहेच. भारतीय बँका परकीय व्यवहारावर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लावतात, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपये तेरा पैसे. काही बोटी शेवटी बिल डॉलरऐवजी रुपयांत करून देतो म्हणतात, तो भाव त्यांचा असतो, त्याला नाही म्हणावं. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा त्रास निराळा: बोट खर्चाच्या अंदाजाने रक्कम अडवून ठेवते आणि प्रवास संपल्यावर ती सुटायला दिवस लागतात, कधी आठवडे. क्रेडिट कार्डात ती बँकेच्या पैशांतून अडते, यात तुमच्या खात्यातून. माझ्या मावशीचं फॉरेक्स कार्ड दुसऱ्याच दिवशी बंदरावर नाकारलं गेलं, शिल्लक दाखवत होती आणि वापरता येत नव्हती, हातात वीस डॉलर होते म्हणून तिघी जहाजापर्यंत टॅक्सीने परत आल्या.

आणि २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ॲपमध्ये जाऊन आपण चालू करावे लागतात. सिंगापूरच्या त्या काउंटरवर माझं कार्डसुद्धा पहिल्यांदा नाकारलं गेलं ते याचमुळे. टर्मिनलच्या वायफायवर ॲप उघडेपर्यंत बाबांनी रबरबँड परत काढला होता.

एप्रिल २०२५ पासून ७ लाखांचे १० लाख झाले, त्यामुळे नोटा किंवा फॉरेक्स कार्ड घेऊन जाणाऱ्या बहुतेक घरांना टीसीएसची झळ लागत नाही. क्रेडिट कार्डाची १६ मे ची अधिसूचना मात्र जून २०२३ मध्ये पुढे ढकलली असंच म्हटलं होतं. रद्द केली असं म्हटलं नव्हतं.