रक्ताबरोबर लघवीचं सॅम्पल कशासाठी?

डॉक्टरांच्या चिठ्ठीत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) अशा दोन्ही तपासण्या असतात. तरी लॅबच्या काउंटरवर डबी पुढे केली की, "रक्त दिलंय ना, मग लघवी कशाला?" असं बरेच जण विचारतात. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी ही तपासणी टाळू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक.

किडनीत काय चालतं

हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण एक लिटर, दोन्ही किडन्यांत जातो. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. या गुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद, त्यामुळे आत दाब राहतो. त्या दाबाने पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन हे सगळं गाळून नेफ्रॉनच्या नळीत उतरतं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं मात्र रक्तातच राहतात.

असं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. कपाट आवरताना आपण सगळं बाहेर काढून कामाचं तेवढं परत आत ठेवतो, तसंच किडनी करते. नळीच्या पहिल्या भागातच दोन तृतीयांश पाणी आणि मीठ रक्तात परत जातं, साखर तर जवळपास सगळीच. उरलेल्यातलं किती पाणी राखायचं, ते शेवटच्या नळ्यांत मेंदूकडून येणाऱ्या एडीएच या हार्मोनवर ठरतं. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं की लघवी गडद पिवळी होते ती यामुळेच.

साखर परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या मुद्दामच साखर लघवीवाटे काढतात. त्या चालू असतील तर लघवीत साखर दिसणारच. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

क्रिएटिनिन नॉर्मल, तरीही

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ९५ च्या आसपास येतो. ७० वर्षांच्या आजींचंही क्रिएटिनिन १.१ च असेल, तर तो ५४ च्या आसपास. रिपोर्टमध्ये ईजीएफआरची ओळ जरूर बघा.

त्यातही, मधुमेहात गाळणीला इजा होऊ लागली की बऱ्याचदा आधी अल्ब्युमिन झिरपू लागतं आणि क्रिएटिनिन नंतर वाढतं. या काळात दुखत-खुपत काहीच नाही. कळतं ते लघवीच्या तपासणीतच, आणि तेव्हा उपचारांना खरा वाव असतो. लघवीतल्या अल्ब्युमिनचं तिच्यातल्या क्रिएटिनिनशी गुणोत्तर ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली असावं. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दर वर्षी ही तपासणी करतात.

सॅम्पल देताना

शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत घ्या, झाकण घट्ट लावा आणि तासाभरात आणून द्या. घरची धुतलेली बाटली नको, डबी आमच्याकडूनच न्या. ताप असेल, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला असेल किंवा पाळी चालू असेल, तर काउंटरवर सांगा. अशा वेळी आकडा वाढलेला येऊ शकतो, तेव्हा दिवस पुढे ढकललेला बरा. एकदा वाढलेला आकडा आला म्हणजे किडनी बिघडलीच, असं धरू नका. डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. त्या वेळी जुना रिपोर्ट सोबत आणा.