तालमीतला सराव, वर्गातला अभ्यास

कोल्हापुरातल्या तालमीत पहाटे बघा. वस्ताद कुस्तीतला ढाक हा डाव एकदा करून दाखवतात, मग पोराला जोड देतात. समोरचा अडवत असताना डाव मारायचा. फसला तर पुन्हा, उद्या पुन्हा. नुसतं बघून डाव येत नाही, हे त्या पोराला पक्कं ठाऊक असतं. तेच पोर संध्याकाळी इतिहासाचा धडा चारदा वाचतं आणि ‘झाला अभ्यास’ म्हणत दप्तर भरतं.

शिकताना मेंदूत खरोखर बदल होतो. चेतापेशींमधले जे दुवे पुन्हापुन्हा वापरले जातात ते बळकट होतात, बाकीचे ढिले पडतात. जर्मनीतल्या संशोधकांनी काही प्रौढांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूत हालचाल टिपणाऱ्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, वाढलेलं दिसलं. सराव थांबवल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरली. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मेहनत सुटलेल्या पैलवानाचे दंड उतरतात, तसंच हे.

पण मेंदूच्या अशा चित्रांवरून उद्याचा तास कसा घ्यायचा ते ठरत नाही. त्यासाठी मला स्मरणाचे साधे प्रयोग जास्त मोलाचे वाटतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे मुलांनी दोनदा वाचले. काही एकदा वाचून, न बघता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के, दुसरं ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं. दोनदा वाचलेलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेलं ५६. वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, ते फसवं असतं. आठवताना होणारी ओढाताण हीच जोडीदाराची पकड.

सरावात दिवसांचं अंतर हवं, आणि झोपही. शिकलेलं झोपेत पक्कं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवणं मला म्हणूनच पटत नाही.

आणखी एक. तालमीतल्या रोजच्या लढतीला कुणी गुण देत नाही. निकाल खासबागेच्या कुस्ती मैदानात लागतो. शाळेत मात्र प्रत्येक चाचणी आपण खासबाग करून टाकतो, आणि मूल चुकायलाच घाबरतं. तासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तकं मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहू द्यावं. मग पुस्तक उघडून चुका ज्याच्या त्यानं दुरुस्त कराव्यात. कागद गोळा करू नयेत. आठवड्यानं तोच धडा पुन्हा विचारावा.